पाच डोकी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला भावजयीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही. आवाजही दबका, बाथरूमचं दार लावून बोलत असल्यासारखा. "ताई, एक सांगायचंय. पण हसू नका. आणि मी तुम्हाला फोन केला होता हे यांना कळू देऊ नका." माझ्या पोटात गोळा आला. भावाची नोकरी, आईचं बीपी, क्षणभरात सगळं डोळ्यांपुढून गेलं. बराच वेळ घेऊन ती म्हणाली, "पोरींच्या डोक्यात उवा झाल्यात."

"एवढंच ना!" मी म्हणाले, आणि तिथेच चुकले. पलीकडून मुसमुसणं ऐकू यायला लागलं. चार रात्री ती पोरी झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात त्यांचे केस विंचरत बसत होती. सकाळी बँकेत काउंटरवर बसलं की स्वतःचं डोकं खाजायचं आणि समोरच्या माणसानं पाहिलं असेल या विचारानं घाम फुटायचा. घरी कोणाला डेंग्यू झाला असता तर तिनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असतं. मोरीत झुरळं झाली असती तरी शेजारणीला औषध विचारलं असतं. उवा मात्र सांगता येत नाहीत. ताप आला की आपण आजारी असतो. उवा झाल्या की आपण घाणेरडे ठरतो.

तिनं मलाच फोन का केला हे उघड होतं. मी बावीस वर्षं बालवाडीत शिकवते. आमच्याकडे दरवर्षी पावसाळ्यात दोन-चार डोकी निघतातच आणि आयांना बाजूला घेऊन, घाबरू नका म्हणत, काय करायचं ते सांगायचं काम माझ्याकडे असतं. त्या बाबतीत मला जरा गर्वच आहे म्हणा ना. होता.

शनिवारी पहाटेच्या सिंहगडनं कल्याण आणि तिथून लोकलनं डोंबिवली. पिशवीत मेडिकलमधून घेतलेल्या बारीक दातांच्या दोन स्टीलच्या फण्या, एक जुना पांढरा पंचा आणि आईची लाकडी फणी. ही फणी आईच्या फणेरपेटीतली. पेटीचा आरसा कधीच फुटला, कुंकवाचा करंडा कोणी नेला कोण जाणे. फणी तेवढी माझ्याकडे राहिली. दोन्ही बाजूंना दात, एकीकडे विरळ, दुसरीकडे इतके बारीक की मधून उजेड जेमतेम दिसावा.

भावाच्या घरात शिरले तर बाल्कनीत काळ्या पिशव्यांचा ढीग. त्यात उशा, गोधड्या, सोफ्याच्या गाद्यांची कव्हरं, धाकटीचं अस्वल, ससा आणि एक कान नसलेला हत्ती. भावाला दोन दिवसांपूर्वी कळलं होतं आणि तेव्हापासून तो इंटरनेटवर वाचत होता. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून दर मागवून झाला होता. "ताई, याच्यातून टायफस होतो. महायुद्धात लाखो माणसं मेलीत."

आमच्या घरात पुरुषांनी उवांकडे लक्ष देण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी त्याला तोडलं नाही. पण तो वाचत होता ती ऊ वेगळी. टायफस पसरवते ती अंगावरची, कपड्यांच्या शिवणीत राहणारी. १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये शार्ल निकोल नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं ते शोधून काढलं. रुग्ण दवाखान्याच्या दारापर्यंत लोकांना आजार देत यायचे. त्यांना आंघोळ घालून दवाखान्याचे कपडे दिले की पुढे वॉर्डात कोणाला लागण होत नसे. म्हणजे आजार कपड्यांबरोबर काढला जात होता. त्याबद्दल निकोलना १९२८ चं नोबेल मिळालं. आपल्या पोरींच्या डोक्यातली ऊ तिची जवळची नातेवाईक, पण रोगराई पसरवत नाही. खाज, आणि खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या तर तेवढंच.

"आणि हे?" त्यानं पिशव्यांकडे बोट दाखवलं.

"हत्ती सोड आधी," मी म्हणाले. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. दिवसातून चार-पाच वेळा रक्त प्यायल्याशिवाय तिचं भागत नाही. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. सहा पायांच्या आकड्यांनी केस धरून ती नुसती चालते. डोक्याला डोकं टेकलं की या केसावरून त्या केसावर. त्यामुळे फवारणी कशाला? गेल्या दोन दिवसांतले उशांचे अभ्रे, टॉवेल, चादरी कडक पाण्यात धुवायच्या, कंगवे गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, बस. सोफ्याचा काही अपराध नाही. भावाला हे मनापासून पटलं नाही, पण हत्ती मोकळा झाला.

घरात डोकी पाच. अकरा वर्षांची थोरली, सात वर्षांची धाकटी, भावजय, भाऊ आणि आई. पंचा अंथरला, खिडकीपाशी स्टूल घेतलं, एकेकीचे केस ओले करून कंडिशनर चोपडलं. कोरड्या केसांत उवा सैरावैरा पळतात, ओल्या आणि निसरड्या केसांत जरा थबकतात आणि फणीही सरकते. टाळूला दात टेकवून फणी शेंड्यापर्यंत ओढायची, पंच्यावर पुसायची, पुन्हा ओढायची. थोरलीच्या डोक्यातून चौदा निघाल्या. धाकटीचं चाळीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं, कारण ती मोठ्यानं मोजायला लागली होती आणि भावजय स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली होती. भावजयीच्या तीन. आईच्या पांढऱ्या विरळ अंबाड्यात दोन. आई म्हणाली, "माझ्याकडं काय मिळणार त्यांना, पेन्शनवर आहे मी." भावाच्या टकलाभोवतीच्या झालरीतून एक निघाली. त्यानं ती पंच्यावर चालताना पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला की जणू कोणी त्याच्या नावावर खोटं कर्ज काढलंय.

ऊ दिसते तिळाएवढी. रक्त प्यायलेली असली तर तांबूस, नाहीतर राखाडी. खरी पंचाईत लिखांची. मादी दिवसाला सहा ते दहा लिखा घालते आणि प्रत्येक लीख टाळूजवळ केसाला असल्या डिंकानं चिकटवते की ती धुवून जात नाही, झटकून जात नाही. कोंडा फुंकरीनं उडतो, लीख नखात धरून ओढावी लागते. साधारण आठ-नऊ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं आणि पुढच्या नऊ-दहा दिवसांत तेही लिखा घालायला तयार. रिकामं टरफल मात्र केसाला तसंच राहतं आणि केस वाढेल तसं टाळूपासून लांब लांब जातं. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे लीख किती लांब आहे यावरून ती किती जुनी हे सांगता येतं. थोरलीला हे फार आवडलं. "म्हणजे झाडाच्या वर्तुळांसारखं!" ती म्हणाली, आणि बहिणीच्या लिखांची वयं काढत बसली. धाकटीच्या सगळ्यांत जुन्या लिखा दीडेक सेंटिमीटरवर होत्या. म्हणजे मेच्या मध्याच्या.

मेच्या मध्याला आम्ही सगळे साताऱ्याला होतो. तिथलं जुनं घर वर्षातून एकदा उघडतं. मधल्या खोलीत गाद्या घालून ओळीनं झोपायचं. मी दोघींच्या मधे, कारण गोष्ट मी सांगते. एका उशीवर तीन डोकी. साताऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, एप्रिलअखेरीस, मी केसांना मेंदी लावली होती, धाकटीला तो वास आवडतो म्हणून ती माझ्या केसांत नाक खुपसूनच झोपायची. बाकीची चुलत, मावस भावंडंही होती, सगळी मिळून नऊ. त्या नऊ डोक्यांतलं पहिलं कोणतं, यावर त्या शनिवारी दुपारच्या जेवणात बराच खल झाला आणि घरात नसलेल्या नातेवाइकांची नावं निघाली, हे सांगायला नकोच.

आईचे उपाय तोवर सुरू झाले होते. तिच्याकडे सीताफळाच्या वाळवलेल्या बियांचा डबा आहे, कुटून तेलात कालवायच्या. मी हात धरला. त्या बियांनी उवा मरतात हे खरं, पण ती पूड डोळ्यांत गेली की बुबुळाला जखम होते. दवाखान्यांत अशी माणसं येत असतात. "आम्ही डोळ्यांवर फडकं बांधून लावायचो," आई म्हणाली. सात वर्षांची पोर डोळ्यांवर फडकं बांधून स्वस्थ बसेल यावर माझा विश्वास नाही. वेखंड, करंजेल, कडुनिंबाचा पाला, खोबरेल तेलात कापूर, सगळं एकेक करून पुढे आलं. तेलानं केस विंचरायला सोपे जातात एवढं मी मान्य केलं. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात म्हणून तो देवघरातच ठेवला. शेवटी आईनं आपल्या वेळी रॉकेल लावायचे ते आठवून सांगितलं आणि स्वतःच म्हणाली, "नको गं बाई, चूल शेजारीच असायची. जगलो कसे देव जाणे." गॅमेक्झिनची पावडरही डोक्याला चोळायचे लोक, ढेकणांची. त्यापुढे मेडिकरची बाटली आली तेव्हा केवढी सुधारणा वाटली असेल.

संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन, धुऊन टॉवेलनं टिपलेल्या केसांना लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. आधी कंडिशनर नको, औषध बसत नाही. आणि नवव्या दिवशी पुन्हा. हे पुन्हाचं महत्त्व फार लोकांना कळत नाही. औषध चालत्या उवा मारतं, सगळ्या लिखा मारत नाही. त्या राहिलेल्या लिखांतून आठ-नऊ दिवसांत पिल्लं निघतात. ती वयात येऊन लिखा घालायच्या आत गाठली तर साखळी तुटते. पहिल्याच दिवशी दुप्पट औषध ओतलं तर काही उपयोग नाही. बालवाडीतल्या आया मला सांगतात, "टीचर, औषध लावलं तरी पुन्हा झाल्या." पुन्हा झालेल्या नसतात, त्याच असतात. शिवाय परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा बऱ्याच देशांत सापडल्यात, त्यामुळे औषधावर सगळं सोडून फणी बाजूला ठेवायची सोय नाही. दर तिसऱ्या दिवशी फणी, चालती ऊ दिसायची बंद होईपर्यंत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी लाल पेनानं गोल केले. धाकटीनं प्रत्येक गोलाला सहा पाय काढले.

रविवारी दुपारी पाऊस लागला होता. जेवणं झाल्यावर आई दिवाणावर, तिच्या पुढ्यात खाली भावजय, तिच्या पुढ्यात थोरली आणि शेवटी धाकटी, अशी आगगाडी बसली. आईनं लाकडी फणी मागून घेतली. स्टीलची तिला आवडली नाही, "टोचते मेली." तिचे हात आता थरथरतात, पण सुनेचा भांग पाडताना थरथरले नाहीत. साताऱ्याच्या वाड्यात रविवारी अशाच बायका बसायच्या, पायऱ्यांवर, वरच्या पायरीवरचीनं खालच्या पायरीवरचीच्या उवा काढायच्या. शिकेकाईनं न्हाणं झालेलं, केस अर्धवट ओले. अंगठ्याच्या नखावर नख दाबलं की टच् असा आवाज यायचा आणि बोलणं त्या आवाजाला अडायचं नाही. कोणाची सून नांदायला परत गेली, कोणाचं चौथ्यांदा राहिलं, सगळं त्याच पायऱ्यांवर ठरायचं. मला आठवतंय, आई माझं डोकं दोन गुडघ्यांत घट्ट धरायची आणि हललं की फणीची पाठ टाळक्यात बसायची. उवांनी रात्री माझ्या केसांचा दोर वळून मला विहिरीत ओढून नेऊ नये म्हणून हे सगळं चाललंय, अशी माझी समजूत करून दिलेली होती.

आपण "वेणीफणी" म्हणतो तेव्हा त्यातली फणी कोणती हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कंगवा निराळा. फणी ही बारीक दातांची, उवांचीच. म्हणजे वेणी घालण्याआधी उवा पाहणं हे रोजच्या शृंगारातलं काम होतं, करंड्यातल्या कुंकवाइतकं साधं. त्यात लाजण्यासारखं काही असतं तर शब्द असा जोडीनं आला नसता. मग मधल्या काळात काय झालं? माझा अंदाज असा की घरं लहान झाली, बायका कामाला लागल्या, रविवारची दुपार गेली, शॅम्पूच्या जाहिराती आल्या आणि ज्यांच्याकडे वेळ उरला नाही त्यांना आपण अस्वच्छ म्हणू लागलो. ऊ स्वच्छ केसांत तितक्याच आनंदानं राहते. तिला फक्त टाळू हवी आणि त्या टाळूकडे कोणी बघायला नको.

थोरली मान खाली घालून मोबाइलवर काहीतरी वाचत होती. एकदम ओरडली, "आत्या, हे बघ, तीन हजार सातशे वर्षांपूर्वीची फणी!" इस्राएलमधल्या लाखीशला २०१६ साली उत्खननात हस्तिदंताचा एक लहान तुकडा सापडला होता, जेमतेम साडेतीन बाय अडीच सेंटिमीटरचा. फणी आहे एवढं कळलं होतं. पुढे काही वर्षांनी कोणीतरी मोबाइलवर तिचा फोटो मोठा करून पाहिला तर तिच्यावर खरवडलेली अक्षरं दिसली. २०२२ मध्ये ती वाचून प्रसिद्ध झाली. तिथल्या प्राचीन कनानी लिपीतली सतरा अक्षरं, त्या लिपीतलं आजवर सापडलेलं सगळ्यांत जुनं पूर्ण वाक्य. आणि ते वाक्य काय, तर हा दात केसांतल्या आणि दाढीतल्या उवांचा नायनाट करो. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "किती दात आहेत?" एका बाजूला सहा जाड, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. आईनं आपली फणी वळवून दोन्ही बाजू पाहिल्या आणि पुन्हा कामाला लागली. "हत्तीचे दात मिळायचे म्हणजे पैशेवाले असणार." ते तिनं बरोबर हेरलं, कारण त्या भागात हत्ती नव्हते, हस्तिदंत बाहेरून यायचं. श्रीमंतांच्याच दाढीत उवा होत्या म्हणायच्या.

आता जे सांगायचंय ते मला फारसं सांगावंसं वाटत नाही.

भावाकडे भांडी-धुण्याला येतात त्या मावशींची मुलगी धाकटीच्याच वयाची. शाळा सुटली की ती थेट इकडे यायची, आईचं काम होईपर्यंत दोघी एकाच खुर्चीत बसून टीव्ही पाहायच्या. मी पोचले त्या शनिवारी ती नव्हती. सोमवारी सकाळीही मावशी एकट्याच आल्या. विचारलं तर भावजय खालच्या आवाजात म्हणाली, "मीच सांगितलं, थोडे दिवस आणू नका म्हणून. कुठून आल्या ते कळतच होतं ना, ताई." भावानंही मान डोलावली. मावशींनी कारण विचारलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणाल्या होत्या.

आणि मी? मी उवांवर एवढी प्रवचनं दिली, ऊ गरीब-श्रीमंत पाहत नाही हे बालवाडीत दरवर्षी सांगते, तीही म्हणाले, "चालेल, थोडे दिवस." कारण मलाही तसंच वाटलं होतं. वाटायला एक क्षणही लागला नव्हता.

मी पाचवीत असताना आमच्या वर्गात बाई पेन्सिलीनं डोकी तपासायच्या. केसांना हात लागू नये म्हणून पेन्सिल. एका मुलीला उठवून शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. माझ्या रांगेत आल्यावर बाईंनी माझ्या दोन तेलकट वेण्या, निळ्या रिबिनी पाहिल्या आणि पेन्सिल न लावताच पुढे गेल्या. आदल्या रविवारी आईनं माझ्या डोक्यातून वीसेक काढल्या होत्या. ती मुलगी आणि मी मधल्या सुट्टीत डोक्याला डोकं लावून चिंचोके खेळायचो. मी काही बोलले नाही. चार दिवसांनी ती आली ती डोक्याला रुमाल बांधून, खाली सगळे केस काढलेले. मी तेव्हाही काही बोलले नाही, उलट दप्तर उचलून खिडकीकडच्या बाकावर गेले. तिच्यापासून आपल्याला होतील म्हणून. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं, यावर आज कोण विश्वास ठेवेल?

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले, नवव्या दिवसाच्या औषधाला. तोवर भावजय तयार झाली होती. फणी कशी धरायची, कानामागे आणि मानेच्या वर जास्त पाहायचं, तिला सगळं जमत होतं. रात्री ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. धाकटीच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर लिहावं का? न लिहिलं तर आपण इथे काढत बसणार आणि शाळेत पुन्हा नव्या येणार. तिनं लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, त्यात "कदाचित" घातलं, पुसलं. शेवटी ग्रुप सोडून एकाच आईला पाठवलं, जिच्या मुलीशी धाकटीचं गूळपीठ होतं. पाठवून मोबाइल उशीखाली ठेवला. दोन मिनिटांत तो थरथरला. "अगं आमच्याकडेही! तीन आठवडे झाले. मला वाटलं फक्त आमच्याच घरी." पाठोपाठ रडून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग तिनं धीर करून ग्रुपवरही टाकलं. एकतीस आयांतल्या चौघींनी आपल्याकडेही असल्याचं लिहिलं. एकीनं लिहिलं, आमच्याकडे असलं काही नसतं. बाकीच्यांनी वाचलं. शाळेनं वहीत सूचना दिली, केस स्वच्छ ठेवावेत.

तिसऱ्या रविवारी शेवटचा गोल होता. मी सकाळीच पोचले. पंचा अंथरून एकामागून एक चारही बायकांची डोकी पाहिली, भावाची झालर पाहिली. फणी पुसावी तर पंच्यावर नुसतं पाणी. धाकटीच्या कानामागे दोन टरफलं, ती थोरलीनं नखात धरून ओढली आणि विजय घोषित केला. भावानं सगळ्यांसाठी वडे आणले. मी फणी धुवायला उठले तशी आई म्हणाली, "तुझं राहिलं."

"माझं काय बघायचंय?" मी म्हणाले. "मला होत नाहीत. एवढी मेंदी लावते मी." टाळूला खाज होती थोडी, पण ती मेंदीनं कोरडी पडते, दरवर्षीच पडते.

"बस इथं."

बावन्नाव्या वर्षी आईच्या गुडघ्यांत डोकं धरून बसले. गुडघे आता तितके घट्ट नव्हते. मोरीत मावशी भांडी घासत होत्या, भावजय ओट्याशी चहा टाकत होती. आईनं लाकडी फणी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा थांबली. चष्मा मागितला. मग बराच वेळ काही बोलली नाही. आई बोलायची थांबली की मला लहानपणापासून धडकी भरते.

पंच्यावर एक चालती होती. थोरली वाकली, माझा एक केस बोटात धरून उजेडाकडे नेला. मुळाशी पेरभर पांढरा, एप्रिलअखेरच्या मेंदीनंतर वाढलेला. त्याच्या पुढे तांबडा. आणि तांबड्यात, रेषेच्या चांगलं बोटभर पुढे, एक टरफल.

"आत्या," ती म्हणाली, "हे तर साताऱ्याच्या आधीचं आहे."

मी हिशेब केला. मग उलटा केला. जुलै, जून, मे, एप्रिल, मार्च. मार्चमध्ये बालवाडीचं संमेलन होतं, वीस पोरांचे मुकुट मी एकेकाच्या डोक्यावर बसवले होते आणि त्यातला प्रत्येक जण माझ्या गळ्यात पडला होता.

आई काही म्हणाली नाही. फणी पंच्याला पुसत राहिली.

"माझ्याकडूनच आल्यात," मी म्हणाले.

"काय म्हणालात, ताई?" भावजयीनं ओट्यावरून विचारलं. मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला.

मी पुन्हा म्हणाले, मोरीत ऐकू जाईल असं.